समन्याय : कोल्हापूर

समन्याय : सर्वांना एकाच मापाने न मोजता, प्रत्येकाची सुरुवातीची स्थिती आणि त्याच्यावर आजवर झालेला अन्याय लक्षात घेऊन हक्क, संधी व लाभ वाटण्याचे तत्त्व. नियमाच्या अक्षराने अन्याय होत असेल तेथे न्यायालये त्याचा आधार घेतात. अर्थव्यवहारात ही कल्पना मालकीतील वाट्याच्या, म्हणजे समभागाच्या आणि भागभांडवलाच्या रूपाने येते. घरात व शेतावर ती वाटणी, पाळी आणि मजुरी यांत दिसते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर (करवीर) संस्थानात हे तत्त्व राज्यकारभाराचा लेखी नियम झाले. त्याची कागदपत्रे उपलब्ध असल्याने या नोंदीत त्या काळाला अधिक जागा दिली आहे.

कायदा : इंग्लंडमध्ये राजाच्या न्यायालयांत ठरावीक साच्यात न बसणाऱ्या दाव्याला दाद मिळत नसे. असे दावेदार राजाकडे अर्ज करत आणि ते अर्ज चान्सलरकडे जात. त्यातून चान्सरी न्यायालय व त्याचे समन्यायाचे नियम तयार झाले. १८७३ व १८७५ च्या कायद्यांनी दोन्ही प्रकारची न्यायालये एक झाली. मुंबई इलाख्यात १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनच्या कलम २६ ने न्यायाधीशाला क्रम घालून दिला : आधी लिखित कायदा, तो नसल्यास देशरिवाज, तोही नसल्यास प्रतिवादीचा स्वतःचा कायदा आणि यांपैकी काहीच नसल्यास न्याय, समन्याय व सद्‌विवेक. मनाईहुकूम, विश्वस्ताची जबाबदारी, गहाण सोडवून घेण्याचा हक्क या आज सर्वपरिचित गोष्टी याच परंपरेतल्या. त्यांतील काही भागाला १८७७ चा आणि पुढे १९६३ चा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम यांनी लिखित रूप दिले. साठेखत करून, इसार घेऊन नंतर खरेदीखत करायला टाळाटाळ करणाऱ्या जमीनमालकावर खरेदीदार दावा लावतो तो याच कायद्याखाली. पैसे देण्यास आपण पहिल्यापासून तयार व राजी होतो, हे त्याला सिद्ध करावे लागते. अशी दाद देणे पूर्वी न्यायाधीशाच्या विवेकावर होते. २०१८ च्या दुरुस्तीने तो विवेक बराच आवळला.

शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात कोल्हापूर संस्थानचे स्वतःचे उच्च न्यायालय होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर दाद मागण्यासाठी मुंबई गाठणे भाग पडले. वकील व पक्षकार यांनी अनेक दशके चालवलेल्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. न्यायालयापर्यंत पोहोचण्याचा खर्च हाही समन्यायाचाच भाग आहे. चंदगड किंवा सावंतवाडीच्या पक्षकाराला ते सांगावे लागत नाही.

१९०२ चा जाहीरनामा : राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती घेतली. तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ च्या ‘करवीर सरकारचे गॅझेट’मध्ये महाराजांचा हुकूम प्रसिद्ध झाला. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त महाराज त्या वेळी इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असा तो हुकूम होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेल्या जाती वगळून बाकी सर्व जाती मागासलेल्या समजाव्यात, अशी व्याख्याही त्यातच दिली होती.

जाहीरनाम्याची आठवण निघते ती पन्नास टक्क्यांच्या आकड्यासाठी. प्रस्तुत लेखकाला त्यातील दोन साधी कलमे अधिक मोलाची वाटतात. ज्या कचेरीत मागासलेल्या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक याच वर्गातून करायची, हे पहिले. प्रत्येक खातेप्रमुखाने आपण केलेल्या नेमणुकांचे पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करायचे, हे दुसरे. पहिल्या कलमामुळे ‘सवडीने पाहू’ म्हणण्याची सोय संपली. दुसऱ्यामुळे टाळाटाळ करणारा अधिकारी कागदावर सापडू लागला. सदिच्छेवर सोडलेला न्याय कचेरीच्या फायलीत हरवतो. तो तेथे हरवू नये याची तजवीज महाराजांनी हुकूम काढतानाच केली. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांची संख्या ३५ वर आली होती.

हा देशातील पहिला असा हुकूम मानला जातो. त्यामागे वेदोक्त प्रकरणाचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही (पहा : वेदोक्त प्रकरण). पुढे इंद्रा साहनी खटल्यात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने पन्नास टक्के ही आरक्षणाची सर्वसाधारण कमाल मर्यादा ठरवली. कोल्हापूरच्या हुकुमात निम्मा वाटा हे प्रत्येक कचेरीने गाठायचे प्रमाण होते. दोन्हीकडचा आकडा एकच असला तरी त्याचे काम वेगळे आहे. मराठा आरक्षणाचा प्रश्न न्यायप्रविष्ट असल्याने येथे घेतलेला नाही.

नोकरीत येण्याआधी शिकायला हवे, म्हणून वसतिगृहे निघाली. मराठा व जैन वसतिगृहे १९०१ मध्ये आणि अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मध्ये सुरू झाले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवण्यात आला. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने जाऊन पगारी तलाठी आले आणि वेठबिगारीत अडकवणारी महार वतनेही रद्द झाली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला.

हुकुमाने कचेरी बदलते, पाणवठा लवकर बदलत नाही. महाराजांच्या पागेतील नोकर गंगाराम कांबळे यांनी वरच्या जातीच्या नोकरांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भांडवल देऊन चहाचे हॉटेल काढून दिले. महाराजांची गाडी त्या दारात थांबे, ते स्वतः चहा मागवून पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही देत. छत्रपतींसमोर आलेला कप परत करणे कोणाला शक्य नव्हते. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेला महाराज स्वतः उपस्थित राहिले. महाराजांच्या मागे त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात पुढाकार गंगाराम कांबळे यांचाच होता, असे मानले जाते.

भागभांडवल : कंपनीत ज्याचे समभाग जास्त त्याची मते जास्त. सहकारी संस्थेत शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार लाभांशही साधारणतः १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. त्यामुळे संस्थेचा फायदा भांडवलाकडे न जाता माल घालणाऱ्याकडे वळतो. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाच्या (गोकुळ) व्यवहारात हे स्पष्ट दिसते. पहाटे गावच्या संकलन केंद्रावर बागायतदाराच्या किटलीतले दूध आणि एका म्हशीवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईचे दूध यांची तपासणी सारखीच होते. दर ठरतो फॅट व एसएनएफवर (स्निग्धांश सोडून उरलेल्या घन घटकांवर). दिवाळीआधीचा दूध दर फरकही घातलेल्या दुधाच्या प्रमाणात मिळतो. संघाच्या निवडणुकीत मात्र उत्पादकाला थेट मत नसते. गावची संस्था ठराव करून प्रतिनिधी पाठवते, आणि संस्था लहान असो वा मोठी, ठराव एकच. त्यामुळे निवडणुकीच्या काळात ठरावधारकाला जे महत्त्व येते ते दूध घालणाऱ्याला येत नाही. साखर कारखान्यांत सभासद होतो ऊस पिकवणारा. तो तोडणारा मजूर सहसा भागधारक नसतो. कोल्हापूरच्या सहकाराचे गुणगान करताना ही उणीव सांगितलीच पाहिजे.

शेतीत व घरात : भांगलणीला एकमेकांच्या रानात जाऊन कामाची फेड कामाने करण्याचा पैरा जिल्ह्यात रूढ आहे. जमिनीच्या वाटणीत भावाभावांत पंच बसतात, आणि विहिरीजवळचा तुकडा व माळाचा तुकडा यांचा मेळ घालतात. बहिणीचा हिस्सा मात्र येथेच अडतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला. तरी वारसनोंदीत मुलींची नावे सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घालण्याची रीत अनेक वर्षे चालली. आजही वडील गेल्यावर बहिणींना दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही कायद्याने वैध ठरू शकते. तिला समन्याय म्हणता येत नाही.

पाणीवाटप : उपसा योजनांतील पाळ्या व कृष्णा खोऱ्यातील समन्यायी पाणीवाटपाची चळवळ यांसाठी स्वतंत्र नोंद पहा.