मैदान उरले, संघ गेला : लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा पहिला हंगाम (१८९२-९३)

१/ इ.स. १८९२ चा उन्हाळा. लिव्हरपूल शहरातील ॲनफिल्डचे मैदान ओस पडले होते. तेथे खेळणारा एव्हर्टन क्लब १८९१ मध्येच इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा विजेता ठरला होता. आता त्याचे बहुतेक खेळाडू आणि सभासद मैदान सोडून गेले होते. मागे राहिले जॉन होल्डिंग, बिअरचे कारखानदार आणि एव्हर्टनचे माजी अध्यक्ष.

२/ वादाचे मूळ भाड्यात होते. क्लबची भरभराट होताच मैदानाचे भाडे वार्षिक १०० पौंडांवरून २५० पौंडांवर गेले. खेळाडूंनी कपडे बदलायचे तेही होल्डिंग यांच्याच सँडन हॉटेलात. सभासदांत मद्यपानविरोधी मंडळीही बरीच होती. अखेर चर्चमधील ऑर्गनवादक जॉर्ज मॅहन यांच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य सभासदांनी स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्क हे नवे मैदान उभारले.

३/ होल्डिंग यांनी ‘एव्हर्टन’ हे नाव आपल्याकडे राखण्याचा प्रयत्न केला. फुटबॉलच्या नियामकांनी मात्र कौल दिला तो सभासदांच्या बाजूने. मग १५ मार्च १८९२ रोजी नव्या क्लबसाठी शहराचेच नाव घेण्यात आले : लिव्हरपूल.

४/ फुटबॉल लीगने या क्लबला प्रवेश नाकारला, म्हणून त्याला प्रादेशिक लँकेशायर लीगमध्ये उतरावे लागले. शिवाय संघच नव्हता! होल्डिंग यांचे आयरिश सहकारी जॉन मकेना यांनी खेळाडू शोधले ते स्कॉटलंडमध्ये. यामागे व्यावहारिक कारण होते. इंग्लंडमध्ये १८८५ पासून खेळाडूंना उघडपणे वेतन देता येई. स्कॉटलंडमध्ये मात्र त्यावर अजून बंदी होती. संघात मॅकक्यू, मॅकब्राइड, मॅकव्हीन अशी आडनावे इतकी झाली की लोक त्याला ‘मॅक मंडळींचा संघ’ म्हणू लागले. कर्णधार अँड्र्यू हॅना हे तर एव्हर्टनच्या १८९१ च्या विजेत्या संघाचे कर्णधार होते!

५/ १ सप्टेंबर १८९२ रोजी मैत्रीपूर्ण सामन्यात रॉदरहॅम टाउनचा ७-१ असा पराभव झाला. दोनच दिवसांनी, ३ सप्टेंबरला, पहिला स्पर्धात्मक सामना होता. हायर वॉल्टनविरुद्ध लिव्हरपूलने ८-० असा विजय मिळवला. पण तो पाहायला आलेले प्रेक्षक अगदीच तुरळक होते. त्याच दिवशी पार्कपलीकडे एव्हर्टनचा गुडिसनवरील पहिला लीग सामना हजारोंच्या गर्दीत रंगला. मैदान विकत घेता येते, प्रेक्षकांची निष्ठा नाही, हे होल्डिंग यांना त्या दुपारी उमगले असेल.

६/ तरीही संघ जिंकत राहिला. हंगामाअखेर २२ सामन्यांत १७ विजय आणि ३६ गुण झाले. ब्लॅकपूलचेही गुण ३६ च! निर्णय झाला तो गोल सरासरीवर, म्हणजे केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून. त्यात लिव्हरपूल सरस ठरले आणि पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळाले.

७/ एप्रिल १८९३ मध्ये लिव्हरपूल जिल्हा करंडकाच्या अंतिम सामन्यात समोर एव्हर्टनच उभे ठाकले. एव्हर्टनने आपला पूर्ण ताकदीचा संघ उतरवला नव्हता, हे खरे. पण निकाल १-० असा नव्या क्लबच्या बाजूने लागला. गोल केला टॉम वायली यांनी, आणि तेही पूर्वीचे एव्हर्टनचेच खेळाडू. पुढे हे दोन्ही करंडक चोरीस गेले आणि त्यांची भरपाई क्लबला स्वतः करावी लागली.

८/ १८९३ मध्ये फुटबॉल लीगच्या दुसऱ्या श्रेणीचे दार उघडले. तेथे पुढच्या हंगामात लिव्हरपूल २८ पैकी एकही सामना हरले नाही. आज ओळखीचा असलेला लाल रंग मात्र अजून यायचा होता. तेव्हाचा गणवेश निळा-पांढरा होता आणि लाल रंग १८९६ मध्ये आला.

९/ १८९२ मध्ये एकाच क्लबची जणू वाटणी झाली. एकाकडे माणसे आणि नाव होते, दुसऱ्याकडे केवळ मैदान. पहिल्याने वर्षभरात मैदान उभारले. दुसऱ्याने संघही वर्षभरात उभा केला; पण सज्जे भरायचे, तर प्रेक्षक एकेका सामन्यागणिक जोडावे लागणार होते. त्या कामाची सुरुवात तुरळक प्रेक्षकांसमोरच्या ८-० या विजयाने झाली.