आंबा कुणाचा? माणूस आणि वानरांची जुनी गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की तू इतिहास सांगतोस, पण तो नेहमी राजे आणि किल्ले यांचाच का? म्हणून आज ज्यांच्याकडे ना तलवार ना सनद, अशा लोकांचा इतिहास. लोक म्हणजे वानर.

मी देऊळगाव राजाचा. बालाजीचं गाव. आमच्या घरावर पत्रे आहेत, आणि सकाळी धाडधाड आवाज झाला की समजायचं, टोळी आली. आजी हात जोडायची, "आले गं बाई मारुतीराया," आणि गच्चीच्या कठड्यावर शिळी पोळी ठेवायची. संध्याकाळी काका शेतातून यायचा तो शिव्या देतच. आमच्या भागात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बियाणं घेतात. फुलाफुलाला हातानं परागीकरण करायचं. एका हुप्प्यानं नेटवर उडी मारली आणि ते फाटलं, की बाहेरचे किडे आत, बाहेरचे परागकण आत. हंगामाची मेहनत गेली. त्यामुळे काकाच्या खांद्यावर कायम गोफण.

एकच घर, एकच वानर. सकाळी देव, संध्याकाळी चोर.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक मादी विजेच्या तारेला चिकटून गेली. पोटाशी पिल्लू होतं, ते वाचलं. गल्लीनं वर्गणी काढली, तिरडी बांधली, फुलं वाहिली. आपल्याकडे हे नवीन नाही, गावोगावी वानराची अंत्ययात्रा निघते, तेरवी होते. पण पहिला खांदा द्यायला कोण पुढे आलं असेल? काका. दहाव्याला त्यानं डोकंही भादरलं. रात्री मला म्हणाला, "तू एवढं वाचतोस ना, मग सांग. आपलं आणि ह्यांचं नेमकं नातं काय?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आजचा भाग म्हणजे तेच उत्तर, उशिरा दिलेलं.

आधी अजिंठ्याला जाऊ. सतरा नंबरच्या लेण्यात महाकपी जातकाचं चित्र आहे, पाचव्या शतकातलं. गोष्ट अशी: गंगेकाठी एक आंब्याचं झाड, त्यावर वानरांचं राज्य. एक फळ वाहत राजापर्यंत जातं. राजाला चव आवडते, तो झाड शोधत येतो आणि वर वानर दिसताच तिरंदाजांचा वेढा घालतो. वानरांचा राजा स्वतःच्या शरीराचा पूल करतो, सगळी टोळी त्याच्या पाठीवरून पलीकडे जाते, आणि तो मात्र जायबंदी होतो. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण काकाच्या डोळ्यांनी बघा. भांडण कशावरून आहे? आंबा कुणाचा, यावरून. दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर पिकाचा तंटा रंगवलेला आहे. आणि चित्रात माणूस आणि वानर दोघंही आहेत.

विज्ञानाच्या चित्रातून मात्र माणूस बराच काळ गायब होता.

१७९७ साली एका फ्रेंच अभ्यासकानं आपल्या वानराला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'एंटेलस' शब्द घातला. एंटेलस म्हणजे एका रोमन महाकाव्यातला म्हातारा मुष्टियोद्धा. ज्या प्राण्याला इथं प्रत्येक वेशीवर देऊळ आहे, त्याला ओळख मिळाली परक्या पुराणातल्या पहिलवानाची!

पुढचा मुक्काम धारवाड. आपण त्याला पेढ्यासाठी आणि गाण्यासाठी ओळखतो, वानरांचे अभ्यासक ओळखतात ते युकिमारू सुगियामांमुळे. हे जपानहून आलेले संशोधक. १९६१ ते १९६३ या काळात धारवाडजवळच्या टोळ्यांचा पिच्छा पुरवत त्यांनी एक भयंकर गोष्ट नोंदवली. बाहेरचा नर टोळीवर चाल करून येतो, जुन्या हुप्प्याला हाकलतो आणि टोळीतली तान्ही पिल्लं मारतो.

जगाला ते पटेना. काही अभ्यासक म्हणाले, हा वानराचा स्वभाव नाही, ही विकृती आहे. माणसांची गर्दी, गावाची कटकट, त्यातून आलेला ताण. म्हणजे माणूस चित्रात आला, पण 'बिघाड' म्हणून. रानात, माणसापासून लांब असलेलं तेच खरं वानर, गावातलं ते बिघडलेलं, अशी ती समजूत.

१९७१ मध्ये सारा ब्लाफर हर्डी नावाची हार्वर्डची तरुण विद्यार्थिनी नेमकं हेच तपासायला राजस्थानात माउंट अबूला आली. काही वर्षं वानरं बघून तिचं मत बदललं. नर पिल्लं मारतो त्यात हिशोब आहे. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते, आणि पुढचं पिल्लू नव्या नराचं होतं. पुढे १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, हे त्यात दिसलं.

पण हर्डीनं आणखी एक पाहिलं. वानरांत नवं जन्मलेलं काळं पिल्लू एकट्या आईकडे राहत नाही, बाकीच्या माद्या ते हातोहात घेतात. आमच्या गल्लीतलं ते पिल्लू आठवतंय? तासाभरात दुसऱ्या मादीनं त्याला पोटाशी धरलं होतं. मी स्वतः पाहिलंय. हर्डीनं २००९ च्या पुस्तकात मांडलं की माणसाचं मूलसुद्धा एकट्या आईनं कधी वाढवलेलं नाही, ते आजी-मावशी-शेजारणींच्या हातांवर वाढलं, आणि त्यातूनच आपण माणूस झालो. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "हे कळायला अबूला कशाला जावं लागतंय?"

माणसाला चित्रात परत आणायला १९९७ साल उजाडलं. लेस्ली स्पॉन्सेल या मानववंशशास्त्रज्ञानं एका नव्या अभ्यासशाखेला नाव दिलं, 'एथ्नोप्रायमॅटॉलॉजी'. नाव अवघड, मुद्दा सोपा: वानर आणि माणूस एकाच जागेत राहतात, तर दोघांचा अभ्यास एकत्र करा. देऊळ, शेत, पोळी, गोफण, तार, हे सगळं धरून.

हे केलं नाही तर काय होतं, ते डिसेंबर २०२१ मध्ये दिसलं. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातलं लवूळ. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती. बातमी फिरली की वानरांनी सूड म्हणून २५० कुत्री मारली. जगभर मीम झाले. तुम्हीही फॉरवर्ड केले असतील, मीही केले. वनविभागानं दोन वानरं पकडून नेली. तिथं जाऊन आलेल्या बातमीदारांनी मात्र लिहिलं की आकडा फुगवलेला आहे. पिल्लू उचलायचं, कवटाळायचं, ही वानरांची सवय आपण आत्ताच पाहिली. उंचावर नेलेलं कुत्र्याचं पिल्लू खाली पडून किंवा उपाशी मरू शकतं, त्याला सूड लागत नाही. सूड आपण घातला, कारण ती गोष्ट आपल्याला कळते. आणि खरं सांगतो, फॉरवर्ड करताना मला गल्लीतल्या एकाही वानराची आठवण आली नव्हती.

आता काकाचं उत्तर. काका, देव आणि चोर ही दोन्ही नावं आपण लांबूनच ठेवली. वानराचं पोट गायीसारखं कप्प्यांचं असतं, पाला पचवण्यासाठी बनलेलं. आजीची पोळी आणि पोरांची बिस्किटं त्याला गल्लीत आणतात. गल्लीत तारा आहेत. पोळी, तार आणि तिरडी, तिन्ही आपल्याच. गल्लीत सोकावलेलं वानर तुझ्या नेटवरही येणारच. आपलं नातं भक्ताचं नाही आणि वैऱ्याचंही नाही. ते शेजाऱ्याचं आहे. आणि शेजाऱ्याला निदान ओळखावं लागतं.

आजीनं कठड्यावरची पोळी बंद केली. सोपं नव्हतं, आठ दिवस ती अस्वस्थ होती. आता शनिवारी मारुतीला नारळ फोडते आणि म्हणते, "ह्याला चालतंय, त्यांना नको." तारांना आवरण बसवावं म्हणून गल्लीनं अर्ज दिलाय, पाठपुरावा चालू आहे. काकाची गोफण सुटलेली नाही, आणि सोड असं मी म्हणणारही नाही, नेटचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे. पण हल्ली तो रात्री फोन करून सांगतो, "आज अठरा होते. कान फाटलेला हुप्प्या पुढं. दोन पिल्लं नवीन, काळी." मी मोबाइलमध्ये लिहून घेतो. तारीख, वेळ, किती, कुठून आले, कुठं गेले.

तुमच्याही गच्चीवर येत असतील. पुढच्या वेळी रील काढायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बघा आणि मोजा. मला पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. भेटूच!