खानदेशांतील पदकाची शाळा

पदक म्हणजे हाराच्या मध्यभागीं लोंबणारा डाग. आकारानें लहान, परंतु पाहणाराची दृष्टि प्रथम तेथेंच जाते. शिकाऊ सुवर्णकाराची परीक्षाही त्यांतच होई.

अरुणावतीच्या कांठच्या शिरपुरासारख्या गांवीं ही विद्या शाळेंत नव्हे, बापाच्या किंवा चुलत्याच्या दुकानांत मिळे. मुलगा आधीं फुंकणीनें विस्तव फुंकी, मूस सांभाळी, जंतरपट्टींतून तार ओढी. पातळ पत्रा ठशावर ठोकून आकृति उठविणें, टाकणखार लावून डाक देणें, कडी बसविणें हें पुढचें. आंच किंचित् अधिक झाली कीं कडीबरोबर पत्राही वितळे, आणि दिवसाचा घाम व्यर्थ जाई. कागदावर रेखाटन क्वचितच. नमुना ठशांत आणि वडिलांच्या हातांत. गिऱ्हाइकाची मागणीही आजीच्या डागासारखाच डाग हवा, अशी असे. नवी आकृति सुचली तरी ती शिकाऊनें मनांतच ठेवावी!

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत क्रम उलटा होता. १८५७ त स्थापन झालेल्या या संस्थेस १८९१ सालीं लॉर्ड रे यांच्या नांवाच्या कर्मशाळा जोडल्या गेल्या, आणि तेथें सोन्याचांदीचें काम शिकवूं लागले. तेथें आधीं पेन्सिल, मग हातोडी. मौज अशी कीं, १८७२ पासून ग्रिफिथ्स यांचे विद्यार्थी खानदेशच्या वेशीवरील अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या प्रती उतरवीत होते; पद्मपाणीच्या गळ्यांतील मोत्यांचे सरही त्यांनीं रेखाटले. त्यांतील बऱ्याच प्रती १८८५ त लंडनच्या आगींत जळाल्या. शेजारच्या खानदेशांतील सोनाराच्या पोरापर्यंत मात्र त्या रेषा पोंचल्याच नाहींत.

खरा घाव पुढें बसला. चीनशीं झालेल्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ त, चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. बावीस कॅरटांत शेंकडा सुमारें ९२ भाग सोनें. चौदांत अवघें ५८. असा पत्रा हातोडीखालीं लवकर कठीण होई, वरचेवर तापवावा लागे. मऊ सोन्यावर बसलेला हात तेथें अडे. शिवाय असा डाग घेणार कोण? अनेक सुवर्णकारांची चूल विझली. १९६६ त कसाची अट उठली, तरी १९६८ च्या कायद्यानें प्रमाणपत्रें आणि नोंदवह्या कायम ठेवल्या. तो कायदा १९९० सालीं रद्द झाला, तेव्हां १९६३ त पंधरा वर्षांचा असलेला शिकाऊ मुलगा बेचाळीस वर्षांचा झाला होता.