आठवी, पाचवी, पहिली : इंग्रजी नेमकी कुठून सुरू होते?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या बहुतेकांची एक तक्रार असते : विषय कळतो, पण इंग्रजीत लिहिता येत नाही, ग्रामर कच्चं आहे. ही कमतरता आपण स्वतःच्या नावावर मांडून मोकळे होतो. आज तिच्याकडे इतिहासाचा प्रश्न म्हणून बघू.

सुरुवात स्वल्पविरामापासून. जुने मोडी कागद पाहिले असतील तर आठवेल, त्यात शब्द सुटे नसतात आणि विरामचिन्हंही नसतात. ती मराठीत आली इंग्रजीकडून, छपाई आणि शालेय पुस्तकांच्या काळात. मेजर थॉमस कँडी यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चं. व्याकरणाचंही तसंच. यास्काच्या परंपरेत शब्दांचे प्रकार चार : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आपण शाळेत पाठ केल्या त्या शब्दांच्या आठ जाती युरोपीय व्याकरणाच्या साच्यातल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये आलं, ते याच काळात.

म्हणजे मराठीच्या तासाला तुम्ही इंग्रजी व्याकरणाची निम्मी परिभाषा आधीच शिकला आहात. खरं अडतं ते वेगळ्या जागी. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ नाहीत. आपलं क्रियापद शेवटी येतं. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, इंग्रजीत ‘वर’ आधी आणि टेबल नंतर. ‘रामने आंबा खाल्ला’ पण ‘रामने पोळी खाल्ली’; इंग्रजीत काय खाल्लं यावरून क्रियापद बदलत नाही. तुमच्या चुका या चार ठिकाणी तपासून बघा, बऱ्याचशा तिथेच सापडतील.

आता वर्षांचा हिशोब. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही वर्षं इंग्रजी आठवीपासून होती. पुढे ती पाचवीवर आली. २००० पासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून सुरू झाली. कागदावर हा साधा आकडा दिसतो. पण तोच आकडा घेऊन झरीला चला.

झरी हे तलासरी तालुक्यातलं गाव. २३ मे १९४५ रोजी इथे किसान सभेच्या मेळाव्यात हजारो वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. त्याच वर्षी डहाणू तालुक्यात बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडला गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्यापर्यंत न्यायची, असा तो विचार. मुलं गुरं राखायला जातात, तर कुरणशाळा. म्हणजे या भागातल्या पिढ्यांना शाळेचं दार उघडलं तेच इतकं उशिरा.

इथल्या वारली घरात वारली बोलतात. पुस्तकातली प्रमाण मराठी ही त्या मुलाची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. पहिलीपासून इंग्रजी, याचा पुण्यातल्या मराठी घरातल्या मुलासाठी अर्थ एक नवी भाषा. झरीच्या मुलासाठी अर्थ एकाच वर्षी दोन नव्या भाषा, आणि दुसरी समजावून सांगायला पहिलीचा आधार. शासनाचा निर्णय एकच, पण भार सारखा नाही.

म्हणून संशोधक म्हणून एक सवय लावून घ्या. प्रश्नावलीत ‘इंग्रजी किती वर्षं शिकलात?’ असा रकाना टाकताना शेजारी आणखी दोन ठेवा : घरी कोणती भाषा, आणि इंग्रजी कोणत्या भाषेतून शिकवली. या दोन रकान्यांशिवाय पुणे आणि झरी यांची सरासरी काढली, तर उत्तर गणिताने बरोबर येईल आणि मुलांबद्दल चुकीचं सांगेल.

आणि हेच रकाने एकदा स्वतःसाठीही भरून बघा. मग ‘माझं ग्रामर कच्चं’ या वाक्यात तुमचा वाटा किती आणि धोरणाचा किती, हे जरा वेगळं दिसेल. उरलेला तुमचा वाटा मात्र रोज एक परिच्छेद लिहूनच भरायचा आहे.