महाभारत युद्ध नेमकं कधी झालं? ताऱ्यांवरून तारीख कशी काढतात?

उज्जैन : महाभारत युद्धाचं साल कुणी इ.स.पू. ५५६१ सांगतं, कुणी ३०६७, तर कुणी २४४९. सगळ्यांचा दावा एकच, की आकाश खोटं बोलत नाही. मग उत्तरं एवढी वेगळी का?

उज्जैनचा संबंध काय?
प्राचीन भारतीय ज्योतिषात मध्यरेषा उज्जैनवरून जात असे. सूर्यसिद्धान्तानुसार कलियुग याच रेषेवरच्या मध्यरात्री, इ.स.पू. ३१०२ च्या १७-१८ फेब्रुवारीला सुरू झालं. त्या वेळी सगळे ग्रह मेषारंभी एकत्र होते, असं त्यात गृहीत धरलंय. आधुनिक गणितात मात्र ते नेमके एकत्र येत नाहीत. म्हणून ही तारीख पाहून नोंदलेली नसून नंतर मागे मोजत काढलेली आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

बागलकोट जिल्ह्यातल्या ऐहोळेच्या शिलालेखात (शके ५५६) भारतयुद्धाला ३७३५ वर्षं झाल्याचं कोरलंय. म्हणजे पुन्हा ३१०२ च. पण उज्जैनचाच वराहमिहिर युधिष्ठिराचा काळ शकाआधी २५२६ वर्षं, म्हणजे सुमारे इ.स.पू. २४४९ धरतो.

आकाशातलं घड्याळ
उज्जैनच्या जंतरमंतरात शंकूची दुपारची सावली २१-२२ डिसेंबरला सर्वांत लांब पडते. तेच खरं उत्तरायण. संक्रांत मात्र १४-१५ जानेवारीला येते. हा फरक अयनचलनामुळे पडलाय. अयनबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो, एक नक्षत्र ओलांडायला साधारण ९६० वर्षं लागतात. उत्तरायणाची वाट पाहत भीष्म शरपंजरी ५८ रात्री पडून होते आणि महिना माघ होता, असं महाभारत सांगतं. अशा उल्लेखांवरून काळाचा अंदाज बांधता येतो.

अडचण कुठे येते?
शनी साधारण साडेएकोणतीस वर्षांनी त्याच नक्षत्रात परततो, ग्रहणं तर वरचेवर होतात. त्यामुळे जुळणारी सालं अनेक निघतात. त्यात महाभारतात एके ठिकाणी शनी रोहिणीला पीडा देतो, दुसरीकडे तो विशाखाजवळ आहे. यातलं निरीक्षण कुठलं आणि अपशकुनाचं वर्णन कुठलं, हे अभ्यासकालाच ठरवावं लागतं. पुण्याचे डॉ. प. वि. वर्तक ५५६१ वर पोहोचले, तर अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ नरहरी आचार संगणकाच्या मदतीने ३०६७ वर. संगणक आकाश अचूक दाखवतो, पण श्लोक माणूसच निवडतो.

जमिनीतला पुरावा
बी. बी. लाल यांनी १९५०-५२ मध्ये हस्तिनापूर खणलं. तिथल्या चित्रित राखी भांड्यांच्या थराचा संबंध त्यांनी महाभारताशी जोडला. तो थर साधारण इ.स.पू. ११०० ते ८०० चा मानला गेला, म्हणजे वरच्या सगळ्या सालांपेक्षा खूप अलीकडचा.

दावा वाचताना काय पाहावं?
एखादं नवं साल व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, तर तीन गोष्टी बघा : कोणते श्लोक घेतले, कोणते सोडले आणि उत्खननाशी मेळ बसतो का. साल न पटल्याने महाभारताचं मोल कमी होत नाही, पण साल सांगणाऱ्याने हिशेब दाखवलाच पाहिजे.