परवाना, बिल्ला आणि कासरा

अस्पृश्यतेच्या इतिहासात पाणवठ्यावर आणि मंदिरावर जेवढे लिहिले गेले, तेवढे भाड्याच्या वाहनावर लिहिले गेलेले माझ्या तरी वाचनात नाही. १९२७ चे महाड आणि १९३० चे काळाराम मंदिर शाळेच्या पुस्तकातही भेटते. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या आठवणी लिहायला घेतल्या, तेव्हा आरंभाला तळे आले नाही की मंदिर आले नाही. आली ती एक भाड्याची बैलगाडी, आणि तीही आमच्या सातारा जिल्ह्यातली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे ते टिपण. त्यांच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. पुस्तिकेच्या रूपाने ते १९९० साली बाहेर आले.

प्रसंग १९०१ चा. वडील सुभेदार रामजी दुष्काळी कामावरच्या तलावाकडे खजिनदार म्हणून गेलेले. सुटीत मुलांनी त्यांच्याकडे जायचे ठरले. भीमराव, थोरले बंधू आणि भाचेमंडळी नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून निघाली. वडिलांच्या मुक्कामाचे गाव पुष्कळ चरित्रांत कोरेगाव असे छापले जाते. मूळ टिपणात खटाव तालुक्यातील गोरेगाव आहे, आणि तेच खरे असले पाहिजे. सातारा रोड स्टेशनवरून मसूरकडे जाताना कोरेगाव वाटेतच लागते. कोरेगावला जायचे म्हणून मसूरपर्यंत पुढे कोण जाईल? आमच्या भागाचा नकाशा समोर ठेवला तर एवढा गोंधळ होण्याचे कारण नाही.

साताऱ्यात स्टेशनापर्यंत टांगा मिळाला. त्याने काही कुरकुर केल्याची नोंद टिपणात नाही. मसूरला उतरल्यावर मात्र ‘आम्ही महार आहोत’ हे शब्द मुलांच्या तोंडून गेले आणि स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बाहेर भाड्याच्या गाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाडे देऊ केले तरी एकही गाडीवान तयार होईना. अखेर स्टेशनमास्तरनेच तोड काढली. मुलांनी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडीही त्यांनीच हाकायची. गाडीवान बाजूने पायी चालेल. एकजण तयार झाला.

या तोडग्याकडे नीट पाहिले पाहिजे. आपण ही कथा सांगतो ती विटाळाची कथा म्हणून. विटाळ होताच, गाडीवान तसे म्हणतही होता. पण विटाळ गाडीला होणार असेल तर मुले गाडीत बसल्याबरोबर तो झालाच! फळ्या त्याच होत्या, बैलही तेच होते. दुप्पट पैशाने तो विटाळ फिटला. फिटले नाही ते एवढेच, की महाराची पोरे मागे बसतील आणि मी धुरेवर बसून त्यांना पोचवीन. गाडी द्यायला तो तयार झाला, पण गाडीवान व्हायला तयार झाला नाही. पुढे काळोख पडल्यावर हाच गृहस्थ उडी मारून मुलांच्या शेजारी गाडीत येऊन बसला, असे बाबासाहेबांनी नोंदविले आहे. त्या लहान मुलांना त्याचे कोडे पडले, पण विचारायचे धाडस झाले नाही. अंधारात बघणारे कोणी नव्हते, म्हणजे विटाळही नव्हता, असाच त्याचा अर्थ करावा लागतो.

याला दुजोरा चाळीसगावचा. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब हिंडत होते. तोवर ते बॅरिस्टर होते. स्टेशनवर स्थानिक महार मंडळी स्वागताला आली, परंतु टांगा बराच वेळ येईना. पुढे कळले ते असे, की टांगा द्यायला टांगेवाला राजी होता, हाकायला नव्हता. ज्याने कधी लगाम धरलेला नव्हता असा आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. नदीवरच्या मोरीपाशी टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. मसूर ते चाळीसगाव अठ्ठावीस वर्षे गेली, एक मुलगा बॅरिस्टर झाला, आणि तडजोड तीच राहिली: वाहन घ्या, कासरा तुम्ही धरा.

आता प्रश्न असा, की सरकार या काळात काय करीत होते? भाड्याच्या वाहनांवर नियंत्रण नव्हते असे मुळीच नाही. मुंबई शहरासाठी सार्वजनिक वाहनांचा कायदा १८६३ इतका जुना, त्याच्या जागी १९२० साली दुसरा आला. मोटारींसाठी १९१४, मग १९३९, मग १९८८. परवाना, गाडीला नंबर, हाकणाऱ्याला बिल्ला, दिवा, भाड्याचा दर, किती माणसे बसवायची, सगळे लिहिलेले आणि ते तपासायला माणूस नेमलेला. शहरातल्या टांग्यापर्यंत हा माणूस पोचला. मसूरच्या स्टेशनबाहेरचा गाडीवान म्हणजे शेतकरीच. मोकळ्या वेळात भाडे मारणारा. त्याला बिल्ला कोण देणार आणि कोण काढून घेणार? त्यातून आमचा मुलूख तुकड्यातुकड्यांचा. सातारा ब्रिटिश जिल्हा, मध्ये औंध, खाली सांगली-मिरजेची संस्थाने. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तासगाव, वाळवा, खानापूर हे तोवर साताऱ्याचेच तालुके. परवाना जिथे संपत होता तिथून रूढी सुरू होत होती, आणि आमचा बहुतेक समाज त्या पलीकडच्याच बाजूला राहात होता.

या कामातल्या माणसाकडून ऐकावे म्हणून मी एका निवृत्त मोटार वाहन निरीक्षकांना भेटलो. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे त्यांची नोकरी झालेली. दुष्काळी पट्ट्यातल्या मांगवाड्यातले, घरातले पहिले शिकलेले, जसा मी माझ्या घरातला. ते मला ‘सर’ म्हणत होते आणि मी त्यांना ‘साहेब’. दोघांनाही ते थोडे जड जात होते. त्यांनी तपासणीची रीत सांगितली. आधी परवाना, मग योग्यता प्रमाणपत्र, विमा, लायसन, बिल्ला, मग डोकी मोजायची. तक्रारी कशाच्या यायच्या? जादा भाड्याच्या, उद्धट बोलण्याच्या, जवळचे भाडे नाकारल्याच्या.

“जातीवरून नाकारल्याची?”

“एकही नाही. सर, आम्ही गाडी तपासतो. गाडीला जात नसते.”

“आणि हाकणाऱ्याला?”

“ते आमच्या फॉर्मात नाही.” मग थोडे थांबून म्हणाले, “मी हात केला की जीपवाला आधी माझ्या छातीवरची पट्टी वाचायचा. आडनाव वाचून मग कागद काढायचा.”

एकही तक्रार नाही, याचा अर्थ एकही नकार नाही असा कोणी लावू नये. साताऱ्या-सांगलीकडे ज्याला वडाप म्हणतात, त्या जीपांनीच गेली कित्येक वर्षे आमची गावे तालुक्याला जोडली. एसटीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये वडापच. तिचा धंदा डोक्यांवर चालतो. सीट भरल्याशिवाय गाडी हालत नाही, म्हणून तिथे सहसा कोणाला नाकारीत नाहीत, हे तिचे श्रेय दिलेच पाहिजे. बाजारपेठेने जे केले ते उपदेशाने झाले नव्हते. पण बसवतात कुठे? मी विद्यार्थी असताना पुढच्या सीटवर कोणी बसायचे हे आमच्या स्टँडवर न सांगता ठरलेले होते. आमचे वडील मागच्या फळकुटावर पाय लोंबकळत ठेवून यायचे आणि त्यांना त्यात वावगे वाटत नव्हते. वडापला बहुधा टप्पा वाहतुकीचा परवानाच नसतो, तेव्हा निलंबित करायलाही काही नसते. मसूरचा गाडीवान जसा कायद्याच्या बाहेर, तशीच हीही.

दुसरी एक गोष्ट यातूनच पुढे आली. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळासारख्या ठिकाणाहून कर्ज काढून आमच्यातल्या पोरांनी रिक्षा घेतल्या, जीपा घेतल्या. म्हणजे कासरा आमच्या हाती आला, आणि या वेळी मसूरसारखा नाइलाजाने नव्हे. तेव्हा काही ठिकाणी प्रवासीच पुढच्या गाडीची वाट पाहू लागले. माझ्या एका विद्यार्थ्याच्या भावाने काचेवरचा बाबासाहेबांचा फोटो यात्रेच्या दिवसांत काढून ठेवला होता. चालकाने प्रवासी नाकारणे हा गुन्हा आहे. प्रवाशाने चालक नाकारणे हा मोटार वाहन कायद्यात गुन्हा नाही. यावर उपाय काय, हे मला सांगता येत नाही. फोटो पुन्हा लागला, एवढे खरे.

चालकाच्या नकाराबाबत मात्र कायदा आपल्याला वाटतो तितका दुबळा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १७८ प्रवासी नाकारणाऱ्या रिक्षावाल्याला मूळ मसुद्यात पन्नास रुपयांपर्यंत दंड सांगत होते. निरीक्षकाच्या पुस्तकात हेच कलम असते, म्हणून जातीचा नकारही पन्नास रुपयांत बसतो. पण १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सार्वजनिक वाहनाचा वापर स्पष्ट शब्दांत कलम ४ मध्ये घातला. हाच कायदा १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा झाला आणि शिक्षा एक ते सहा महिने कैद व त्याशिवाय दंड अशी झाली. कलम ६ सेवा नाकारण्याचे. त्याखाली दोषी ठरलेल्याचा त्या धंद्याचा परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा अधिकार कलम ८ न्यायालयाला देते. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर, असे कलम १२ म्हणते. आणि १९७६ नंतर, तपासात जाणूनबुजून हयगय करणारा लोकसेवक गुन्ह्याला साहाय्य करणारा मानला जातो. हे मी त्या निवृत्त साहेबांना वाचून दाखविले. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि म्हणाले, “आम्हाला ट्रेनिंगमध्ये ब्रेक आणि दिवे शिकवले.”

तेव्हा स्टँडवर असा प्रसंग घडला तर कार्यकर्त्यांनी दोन अर्ज करावेत. एक उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला, दुसरा पोलीस ठाण्याला. पहिल्याची प्रत दुसऱ्याला जोडावी. गाडीचा नंबर, स्टँड, वेळ, नकाराचे नेमके शब्द आणि जवळ उभ्या असलेल्या दोन माणसांची नावे लिहावीत. अर्जात ‘गैरवर्तन’ हा शब्द घालू नये. तो घातला की प्रकरण पन्नास रुपयांकडे वळते. जात विचारली असेल तर ‘जात विचारली’ असेच लिहावे, आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.