ग्रहांची कडी

ग्रहाभोवती स्वतंत्रपणे परिभ्रमण करणाऱ्या असंख्य कणांच्या पातळ, चपट्या पट्ट्यांना ग्रहांची कडी म्हणतात. ती बहुधा ग्रहाच्या विषुववृत्तीय प्रतलात असतात. गुरू, शनी, युरेनस व नेपच्यून या चारही महाग्रहांना कडी आहेत.

गॅलिलीओ यांना १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंस उपांगे दिसली. १६१२ मध्ये ती अदृश्य झाली. ते ग्रहास कोठेही न चिकटलेले पातळ कडे असून कडेवरून पाहिल्यास दिसत नाही, हा उलगडा हायगेन्झ यांनी १६५९ मध्ये प्रसिद्ध केला. १६७५ मध्ये कासीनी यांना कड्यातील काळी फट आढळली. एकसंध घन कडे स्थिर राहू शकत नाही, असे लाप्लास यांनी दाखविले. कडे सुट्या कणांचेच असले पाहिजे, हे मॅक्सवेल यांनी १८५९ मध्ये गणिताने सिद्ध केले. घन कड्याची बाहेरील कड अधिक वेगाने फिरली असती. परंतु आतील भागच अधिक वेगवान असल्याचे कीलर यांना १८९५ मध्ये वर्णपटावरून आढळले.

१० मार्च १९७७ रोजी युरेनसमुळे होणाऱ्या एका ताऱ्याच्या पिधानाचे वेध घेताना तमिळनाडूतील कावलूर येथे भट्टाचार्य व कुप्पुस्वामी यांना ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद मंदावलेला आढळला. प्रथम तो नव्या उपग्रहाचा परिणाम मानला गेला. मात्र त्याच रात्री विमानातून वेध घेणाऱ्या एलियट व सहकाऱ्यांना ग्रहाच्या दोन्ही बाजूंस असे मंदावणे सममितीने आढळले. उपग्रहाने ते घडणे शक्य नसल्याने ही अरुंद कडी आहेत, हे निश्चित झाले. एकाच स्थानावरील अचूक वेधाचाही अर्थ अन्य वेधांशी ताडल्याविना पुरा होत नाही, हे यावरून दिसते.

शनीच्या मुख्य कड्यांचा बाह्य व्यास सुमारे २,७०,००० किमी., तर जाडी बहुतांशी दहा-वीस मीटरच आहे. कण मुख्यत्वे पाण्याच्या बर्फाचे असून त्यांचे आकारमान काही सेंमी.पासून काही मीटरपर्यंत असते. परस्पर टकरींत ऊर्जा खर्ची पडल्याने कणांची वरखाली होणारी गती शमते व कडे चपटे राहते. त्याच टकरींनी ते रुंदावतही जाते. म्हणून अरुंद कडे टिकण्यास दोन्ही बाजूंस राखणदार उपग्रह हवेत, असे गोल्डराइक व ट्रेमेन यांनी १९७९ मध्ये सुचविले. १९८६ मध्ये व्हॉयेजर–२ यानास युरेनसच्या सर्वांत ठळक कड्यालगत कॉर्डीलिया व ऑफीलिया हे उपग्रह सापडले. शनीच्या ‘बी’ कड्याची बाह्य सीमा मायमस या उपग्रहाशी असलेल्या २:१ अनुस्पंदनाने ठरते.

कासीनी यानाने २०१७ मध्ये केलेल्या मापनांनुसार शनीच्या कड्यांचे वस्तुमान मायमसच्या सुमारे ०.४ पट आहे. त्यावरून ती ग्रहाहून पुष्कळच तरुण असावीत, असे काही शास्त्रज्ञ मानतात. परंतु या अनुमानाविषयी मतभेद आहेत.